गिअरबॉक्स खडखडतोय? पाना उचलण्याआधी कान लावा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण शिडाच्या बोटीतल्या इंजिनाचा गिअरबॉक्स बघितला. पण खरं सांगायचं तर बंद कप्प्यात माईक नेला की सगळा एकच गोंगाट ऐकू येतो. कुठला आवाज स्प्रिंगचा, कुठला बेअरिंगचा आणि कुठला पंख्याचा, हे रेकॉर्डिंगवरून कळत नाही. म्हणून हा धडा लिहून देतोय. डिझेल मेकॅनिकचं काम येत असेल आणि किनाऱ्यावर स्वतःचं काहीतरी सुरू करायचं मनात असेल, तर हा धडा दोनदा वाचा.

सुरुवात एका फसलेल्या कामापासून करतो.

आपला मालवणकडचा एक मित्र आहे. आठ वर्षं ट्रकच्या गॅरेजमध्ये काम केलेला, हात एकदम साफ. त्याने नोकरी सोडली आणि बोटींची कामं घ्यायला सुरुवात केली. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच्याकडे पर्यटकांची एक बोट आली. तक्रार एवढीच होती: "गिअरबॉक्स वाजतो." त्याने बोट जागच्या जागी दोन मिनिटं चालू करून ऐकली, मान डोलावली आणि गिअरबॉक्स उतरवला. दुकानात नेऊन पूर्ण उघडला. गिअर चांगले, बेअरिंग चांगली, क्लच चांगला. मग नवे सील घातले, बॉक्स बंद केला, परत चढवला. इंजिन चालू केलं तर तोच खडखडाट.

२५ ते ३१ डिसेंबर म्हणजे तारकर्ली-मालवणच्या बोटवाल्याचा वर्षाचा धंदा. ती बोट त्या आठवड्यात धक्क्याला बांधून राहिली. मालकाने पैसे तर दिले नाहीतच, वर सगळ्या जेटीला सांगितलं की ह्याला ट्रकचं कळतं, बोटीचं कळत नाही. जानेवारीत मित्राने स्वतःच्या खर्चाने पुन्हा बॉक्स उतरवला. खराब झालेली वस्तू इंजिनाच्या फ्लायव्हीलवर होती, अगदी डोळ्यांसमोर. पहिल्या वेळेलाही ती तिथेच होती. त्याने ती हाताने हलवून बघितली नव्हती, इतकंच.

ती वस्तू म्हणजे डॅम्पर प्लेट. तिच्याबद्दल पुढे सविस्तर बोलू. आधी हे समजून घ्या की मित्राकडे कौशल्याची कमी नव्हती. कमी होती ती क्रमाची. काय तपासायचं, कशानंतर तपासायचं आणि त्यातलं काय फुकट तपासता येतं, हे त्याच्या डोक्यात पक्कं नव्हतं.

बोटीतली साखळी

शिडाच्या बोटीला इंजिन कशाला, असं बरेच जण विचारतात. वारा पडला, बंदरात शिरायचंय, नांगर उचलायचाय, बॅटरी चार्ज करायचीय, या सगळ्याला इंजिन लागतं. तीस-पस्तीस फुटांच्या बोटीत साधारण दोन किंवा तीन सिलिंडरचं छोटं डिझेल इंजिन शिडीच्या पायऱ्यांखाली बसवलेलं असतं.

इंजिनाच्या मागून सुरू करू. फ्लायव्हील. त्यावर बोल्टने बसवलेली डॅम्पर प्लेट. प्लेटच्या मधल्या दातेरी भोकात गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट शिरतो. मग गिअरबॉक्स: त्यात पुढे, मागे आणि न्यूट्रल एवढंच. गिअरबॉक्सच्या मागे कपलिंग, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या दोन चकत्या, सहसा चार बोल्टनी आवळलेल्या. कपलिंगला पंख्याचा शाफ्ट. शाफ्ट बोटीच्या बाहेर जातो तिथे पाणी अडवायला ग्लँड. बाहेर शाफ्टला आधार देणारं रबरी कटलेस बेअरिंग, ज्याला समुद्राचं पाणीच वंगणाचं काम करतं. आणि शेवटी पंखा.

ट्रकवाल्या मित्रांनो, इथे एक मोठा फरक आहे. ट्रकमध्ये पायाने दाबायचा क्लच इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये असतो. बोटीत क्लच गिअरबॉक्सच्या पोटात असतो. मध्ये असते ती फक्त ही डॅम्पर प्लेट. तुमच्या ट्रकच्या क्लच प्लेटच्या मध्यभागी गोल बसवलेल्या स्प्रिंगा आठवा. तीच कल्पना. डिझेल इंजिन गुळगुळीत फिरत नाही, प्रत्येक सिलिंडर पेटला की झटका देतो. तो झटका गिअरच्या दातांपर्यंत जाऊ नये म्हणून या स्प्रिंगा. त्या ढिल्या झाल्या किंवा तुटल्या की झटके थेट दातांवर बसतात आणि मालकाला वाटतं गिअरबॉक्स गेला.

आणि हा झटका सर्वात जास्त जाणवतो तो आयडलला. सिलिंडर कमी आणि फेरे कमी, म्हणून दोन झटक्यांमधलं अंतर मोठं. त्यामुळे रोज तासभर नुसतं आयडलवर इंजिन चालवून बॅटरी चार्ज करणारा मालक डॅम्पर प्लेट लवकर संपवतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

काही शिडाच्या बोटींना शाफ्टऐवजी सेलड्राइव्ह असतो, म्हणजे गिअरचा पायच थेट बोटीच्या तळातून खाली उतरतो. त्याचा धडा वेगळा.

दुसरं काम: कप्तानसाहेबांची बोट

फेब्रुवारीत मित्राला गोव्याहून फोन आला. मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले एक कप्तानसाहेब, मूळचे पुण्याचे, मांडवीत त्यांची बत्तीस फुटी शिडाची बोट. त्यांना एका ठिकाणाहून नव्या गिअरबॉक्सचं कोटेशन मिळालं होतं. आकडा सांगत नाही, पण त्यात चांगली मोटरसायकल आली असती.

"अरे, तू फक्त बसवून देशील का? बॉक्स मी मागवतो," साहेब म्हणाले.

डिसेंबरच्या आधी हा मित्र लगेच हो म्हणाला असता. या वेळेला तो म्हणाला, "साहेब, बसवतो की. पण आधी एक दिवस मला ऐकू द्या. तपासणीचे साडेतीन हजार आणि येण्याजाण्याचा खर्च. नवा बॉक्स खरंच लागणार असेल तर मीच तसं लिहून देईन."

साहेबांनी थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, "ये."

आता बघा, तपासणीचे वेगळे पैसे मागायला आपली नवीन माणसं लाजतात. "आधी बघतो, मग सांगतो" म्हणतात आणि दिवसभर फुकट राबतात. फुकट तपासणाऱ्याला बिल करण्यासाठी काहीतरी उघडावंच लागतं. मालवणला नेमकं तेच झालं होतं. तपासणीचे पैसे घेतले की "काही उघडायची गरज नाही" असं सांगायची तुमची हिंमत होते.

इंजिनाला हात लावण्याआधी

पहिला अर्धा तास प्रश्नांचा. आवाज कधीपासून? अचानक आला की हळूहळू? त्याआधी बोट कुठे घासली का, पंख्यात दोरी किंवा जाळं अडकलं का? तेल कोणी बदललं, कुठलं घातलं? बोट नुकतीच पाण्याबाहेर काढली होती का? रोज इंजिन किती वेळ आणि कशासाठी चालतं?

साहेबांची उत्तरं मित्राने वहीत लिहिली. आवाज वर्षभरात हळूहळू वाढला. पंख्यात काही अडकलं नाही. बोटीवरच मुक्काम असला की संध्याकाळी तासभर इंजिन आयडलवर, कारण फ्रिज आणि दिवे. शिडावर चालताना पंखा गरगर फिरतो त्याचा आवाज आवडत नाही म्हणून गिअर पुढे टाकून ठेवतात.

मग तेल. गिअरबॉक्सची तेलपट्टी काढा, पुसा, परत घाला. बऱ्याच छोट्या मरीन गिअरबॉक्समध्ये पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून माप बघायचं असतं. फिरवून बघितलंत तर तेल आहे त्यापेक्षा जास्त दिसेल. ज्या बॉक्सवर काम करताय त्याचं पुस्तक बघा. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय: कूलर फुटलाय, सील गेलंय किंवा कप्प्यात पाणी भरलं होतं. काळं आणि जळका वास असेल तर क्लच घसरतोय. थोडं तेल पांढऱ्या कागदावर घ्या आणि खालून चुंबक फिरवा. चुंबकाला ओढले जाणारे चकचकीत कण म्हणजे गिअर किंवा बेअरिंग झिजतंय. अगदी बारीक राखाडी भुकटी थोडीशी असते, तिला घाबरू नका. बोटाला टोचणारा कण आला तर घाबरा.

तेलाचा प्रकारही बघा. यानमारच्या छोट्या केएम मालिकेच्या बॉक्सला इंजिन ऑइल लागतं, तर हुर्थ, म्हणजे आताच्या झेडएफच्या, छोट्या मेकॅनिकल बॉक्सला एटीएफ. कोणी "गिअरबॉक्स आहे ना" म्हणून ट्रकचं जाड गिअर ऑइल ओतलं असेल तर आवाजाचं आणि क्लच घसरण्याचं कारण तिथेच सापडू शकतं. साहेबांचं तेल स्वच्छ होतं, कण नाहीत, वास नाही.

तिसरी फुकट तपासणी लिव्हरची. एका माणसाला वर लिव्हर हलवायला सांगा आणि तुम्ही खाली गिअरबॉक्सवरचा छोटा दांडा बघा. तो दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत जायला हवा. केबल ताणली किंवा गंजली की दांडा अर्ध्यात थांबतो, क्लच पूर्ण धरत नाही, आवाज करतो आणि जळतो. केबलच्या बिघाडाला क्लचचा बिघाड समजून बॉक्स उघडलेले लोक मी बघितले आहेत. इथे दांडा व्यवस्थित जात होता.

ऐकण्याचा क्रम

आता इंजिन चालू. त्याआधी समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडा आहे का बघा, नाहीतर गिअरबॉक्सचा आवाज शोधता शोधता इंजिन तापवून बसाल. बोट धक्क्याला चार दोरांनी पक्की बांधा. मागे कोणी पोहत नाही, छोटी होडी नाही, याची खात्री करा. सैल बाह्या नकोत. कप्पा उघडा ठेवा, हवा खेळू द्या, धूर आत कोंडू देऊ नका.

लागणारी हत्यारं साधी: मेकॅनिकचा स्टेथोस्कोप, नसेल तर लांब स्क्रू ड्रायव्हर, मूठ कानाच्या हाडाला आणि टोक धातूला. आणि फेरे मोजायला हातातला टॅकोमीटर, कारण बोटीवरच्या मीटरवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

आधी न्यूट्रल, आयडल. साहेबांच्या बोटीत डबड्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट. टॅकोमीटरने फेरे ७५० दाखवले, पुस्तकात ८५० होते. मित्राने आधी आयडल ८५० ला आणला. खडखड थोडी कमी झाली, गेली नाही. पण कधीकधी एवढ्यानेच काम संपतं, म्हणून ही पायरी सोडू नका.

मग इंजिन स्वतः तर लंगडत नाही ना? एखादा इंजेक्टर खराब असला तर झटके वाढतात आणि चांगली डॅम्पर प्लेटसुद्धा वाजते. जुन्या पद्धतीच्या पंप असलेल्या इंजिनावर एकेका इंजेक्टरच्या पाइपचं नट पाव फेरा सैल करून बघायचं. प्रत्येक वेळी फेरे सारखेच पडले तर सगळे सिलिंडर काम करताहेत. एखाद्याला सैल करून काहीच फरक पडला नाही तर तोच आळशी. मात्र त्या उडणाऱ्या डिझेलसमोर हात नेऊ नका, त्याचा दाब कातडीतून आत शिरतो. चष्मा, हातमोजे आणि नटवर फडकं. कॉमन रेल इंजिनावर तर हा प्रयोग करायचाच नाही. इथे तिन्ही सिलिंडर ठीक निघाले.

न्यूट्रलमध्येच फेरे वाढवले. १२०० च्या आसपास खडखड पूर्ण बंद. हा सर्वात बोलका आवाज. आयडलला खडखड आणि फेरे वाढले की शांत, म्हणजे संशय डॅम्पर प्लेटवर. बेअरिंग गेलेलं असतं तर उलट झालं असतं: फेऱ्यांबरोबर शिट्टीसारखा किंवा घरघरणारा आवाज चढत गेला असता. न्यूट्रलमध्येही तो येत असेल तर इनपुटकडचं बेअरिंग बघायचं. फक्त गिअर टाकल्यावर येत असेल तर आउटपुटकडचं बेअरिंग किंवा त्यामागचं काहीतरी. फक्त रिव्हर्सला येत असेल तर रिव्हर्सचा मधला गिअर आणि त्याचा आधार. गिअर टाकताना करकर होत असेल तर आयडल जास्त आहे का, केबल नीट आहे का हे आधी आणि क्लच नंतर. आवाज नाही पण फेरे वाढूनही बोट ओढ घेत नसेल तर क्लच घसरतोय किंवा पंखा शाफ्टवर सुटलाय. पंख्यावर शंख-शिंपल्यांची वसाहत झाली असली तरी बोट ओढ घेत नाही, पण तेव्हा इंजिनाचे फेरेच पुरते चढत नाहीत.

पुढचा गिअर टाकला. आयडलला खडखड जास्त. १८०० फेऱ्यांना खडखड नाही, पण एक नवीनच घुमणारा आवाज आणि पायाखालची फळी थरथरायला लागली.

इथे बहुतेक मेकॅनिक चुकतात. दोन आवाज ऐकू आले की ते दोन्हीचं एकच कारण शोधतात, आणि "सगळा बॉक्सच गेला" हे उत्तर सोपं पडतं.

चार बोल्टची परीक्षा

मित्राने इंजिन बंद केलं आणि कपलिंग सोडवलं. माझ्या मते संपूर्ण धड्यात सगळ्यात मोलाची परीक्षा हीच. कपलिंग सुटलं की साखळीचे दोन तुकडे होतात. आता गिअर टाकून इंजिन चालवा. आवाज राहिला तर तो कपलिंगच्या पुढे, म्हणजे डॅम्पर किंवा गिअरबॉक्स. आवाज गेला तर मागे: अलाइनमेंट, शाफ्ट, कटलेस बेअरिंग, पंखा. चार बोल्ट, अर्धा तास, खर्च शून्य.

पण थांबा. बोट पाण्यात आहे आणि शाफ्टचं पुढचं टोक मोकळं झालंय. काही बोटींत तो शाफ्ट सरकून मागे जाऊ शकतो. पूर्ण बाहेर निघाला तर ग्लँडमधून समुद्र आत येतो आणि बोट धक्क्याला बांधलेल्या अवस्थेत बुडते. म्हणून बोल्ट सैल करण्याआधी ग्लँडच्या पुढे शाफ्टवर दोन होज क्लिप घट्ट आवळा, शाफ्ट मागे जाताना त्या ग्लँडला अडतील. सोबत दोरीनेही बांधा. भोकात मारायला लाकडी खुंटी हाताशी ठेवा. आणि दोन्ही चकत्यांवर पंचने खूण करा म्हणजे जोडताना होत्या तशाच जुळतील. हे न करता तुम्ही कोणाच्या बोटीचं कपलिंग सोडवलंत तर तुमच्या धंद्याला विमासुद्धा वाचवणार नाही.

सोडवून चालवलं. आयडलची खडखड तशीच. १८०० चा घुमणारा आवाज गायब, फळी शांत. म्हणजे दोन वेगळे बिघाड. खडखड कपलिंगच्या पुढे, आणि तेल स्वच्छ, बेअरिंगची शिट्टी नाही, म्हणजे जवळजवळ नक्की डॅम्पर प्लेट. घुमणं कपलिंगच्या मागे किंवा जोडणीत.

मित्राने त्याच दिवशी साहेबांना एक पान लिहून दिलं. काय तपासलं, काय ऐकलं, काय वाटतं. खाली स्पष्ट वाक्य: गिअरबॉक्स बदलण्याचं कारण आज दिसत नाही, मात्र बॉक्स उतरवल्यावर इनपुट शाफ्टचे दाते झिजलेले निघाले तर अंदाज बदलेल आणि तो बदल काम पुढे नेण्याआधी कळवला जाईल. पार्टचे पैसे आगाऊ, मजुरी दोन टप्प्यांत. डॅम्पर प्लेटची किंमत नव्या बॉक्सच्या दशांशाच्या आसपास होती.

उतरवणं, बसवणं

हा भाग व्हिडिओत नीट दिसतो म्हणून थोडक्यात सांगतो. बॉक्स मागे सरकवायला जागा लागते, म्हणून शाफ्ट क्लिपच्या हद्दीत मागे ढकलून घ्या. जागा पुरेशी नसेल तर बोट पाण्याबाहेर काढावी लागेल, आणि तो खर्च कोणाचा हे आधीच ठरवा. काही इंजिनांचे मागचे माउंट गिअरबॉक्सलाच बसवलेले असतात. तसं असेल तर बोल्ट काढण्याआधी इंजिनाखाली लाकडी ठोकळे द्या.

बॉक्स निघाला. बेल हाउसिंगच्या तळाला तांबूस भुकटी आणि स्प्रिंगचा एक तुटका तुकडा. प्लेट हातात घेऊन हलवली तर दोन स्प्रिंगा आपापल्या घरात सैल खुळखुळत होत्या. मालवणला न केलेली कृती ती हीच. मग इनपुट शाफ्टच्या दात्यांवर नख फिरवलं. नख अडकेल अशी पायरी पडली असेल तर शाफ्टही बदलावा लागतो, नाहीतर नवी प्लेट थोड्याच दिवसांत खराब होते. इथे दाते गुळगुळीत होते.

नवी प्लेट पार्ट नंबरने मागवा, फोटो बघून नाही. दात्यांची संख्या आणि व्यास जुन्या प्लेटशी ताडून बघा. कुठली बाजू गिअरबॉक्सकडे होती त्याचा फोटो काढण्याआधीच घ्या. बोल्ट पुस्तकातल्या टॉर्कने. बॉक्स परत बसवताना दाते जुळले की तो हाताने सरकत जातो. शेवटचा बोटभर अंतर राहिलं म्हणून बोल्टने ओढून बसवायला जाऊ नका. दाते जुळलेले नसतील तर नवी प्लेट वाकेल किंवा हाउसिंगला तडा जाईल. शाफ्ट थोडा फिरवा, परत ढकला.

घुमणाऱ्या आवाजाचं काय झालं

अलाइनमेंट बोट पाण्यात असतानाच करायची. जमिनीवर ठेवलेल्या बोटीचा आकार किंचित बदलतो, म्हणून पाण्यात सोडल्यावर एक-दोन दिवस थांबा, शिडाच्या तारा नेहमीच्या ताणात असू द्या.

दोन्ही चकत्या हलक्या हाताने जवळ आणा आणि फिलर गेजने वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फट मोजा. मग शाफ्ट पाव फेरा फिरवून परत मोजा. फट शाफ्टबरोबर फिरली तर चकती किंवा शाफ्ट वाकडा. फट जागच्या जागी राहिली तर अलाइनमेंट चुकलीय. अंगठेनियम असा: कपलिंगच्या प्रत्येक इंच व्यासाला एक थाऊ फरक चालतो. चार इंची कपलिंगला चार थाऊ, म्हणजे ०.१ मिलिमीटर.

इथे वर ०.०५ आणि खाली ०.३० मिलिमीटर. फरक ०.२५, आणि शाफ्ट फिरवला तरी फट खालीच. खाली फट म्हणजे इंजिनाची मागची बाजू बसली आहे. बॅटरी लावून बघितलं तर मागच्या माउंटचं रबर फुगून मऊ झालेलं. डिझेलच्या रिटर्न पाइपमधून थेंब थेंब गळत होतं, थेट रबरावर. आधी गळती बंद केली, मग दोन्ही मागचे माउंट बदलले, मग नट फिरवत फरक ०.०८ वर आणला. या नटांचा अर्धा फेरासुद्धा फट बदलतो, म्हणून घाई नको. अख्खी दुपार गेली.

त्याच वेळी पंख्याजवळ पाणबुड्या उतरवून शाफ्ट हलवून बघितला. कटलेस बेअरिंगमध्ये थोडा खेळ असतोच, पण पंचवीस मिलिमीटरच्या शाफ्टला दीड मिलिमीटरच्या आसपास खेळ दिसला तर बेअरिंग बदलायची वेळ आली असं धरतात. इथे त्यापेक्षा बराच कमी होता.

धंद्याचं गणित, थोडंसं

फक्त शिडाच्या बोटींवर पोट भरेल असं मी सांगणार नाही. गोव्यात दिवाडी बेटावरच्या यार्डात नौदलाची म्हादेई बांधली गेली आणि दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हापासून आपल्याकडे शिडाच्या बोटींबद्दल कुतूहल नक्की वाढलंय. पण गिऱ्हाइकं मोजकीच. मात्र हीच साखळी पर्यटकांच्या बोटीत आहे आणि मासेमारीच्या बोटीतही आहे, तिथे बॉक्स मोठा आणि बहुधा हायड्रॉलिक, म्हणजे तपासणीत तेलाचा दाब मोजायचं गेज वाढलं.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर काढलेल्या, खलाशी गावाला. मालकाची कमाई बंद आणि तुमच्या कामाचा हंगाम सुरू. एप्रिल-मेमध्येच जेटीवर फिरून "तुमचा बॉक्स वाजतोय, जूनमध्ये बघू" असं सांगून ठेवा. बोट पाण्यात असतानाच आवाज ऐकून वहीत लिहा, कारण जूनमध्ये जमिनीवर ती बोलणार नाही.

सुरुवातीला दुकान भाड्याने घेऊ नका. स्टेथोस्कोप, टॅकोमीटर, फिलर गेज, टॉर्क रेंच, चुंबक, डोक्याला लावायची बॅटरी आणि होज क्लिप, एवढं एका पेटीत मावतं. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. आणि प्रत्येक मोठ्या कंपनीची मॅन्युअल जमवा. वाचून ठेवलेलं मॅन्युअल पान्याइतकंच हत्यार आहे.

याचं उदाहरण साहेबांच्या बोटीवरच मिळालं. शिडावर चालताना गिअर पुढे टाकून ठेवायची त्यांची सवय. यानमार अशा वेळी न्यूट्रल ठेवायला सांगतं. हुर्थच्या मेकॅनिकल बॉक्सला न्यूट्रल किंवा रिव्हर्स चालतो, पण बोट ज्या दिशेला जातेय तो गिअर नाही, कारण त्यात क्लच अर्धवट धरून घसरत राहू शकतो. साहेबांनी तीस वर्षं मोठी जहाजं चालवली होती, त्यांना हे सांगायला मित्र कचरत होता. शेवटी त्याने मॅन्युअलचं पान उघडून पुढे ठेवलं. साहेबांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "हे मला आजवर कोणी सांगितलं नाही रे."

साधारण पंचवीस तास चालल्यावर नवे माउंट थोडे बसतात, म्हणून अलाइनमेंट परत तपासायची असते. मार्चमध्ये मित्र पुन्हा गेला. कपलिंगचा फरक ०.०९, बोल्ट घट्ट, आयडलला खडखड नाही. बॅटरीसाठी साहेबांनी केबिनच्या छतावर सोलर पॅनेल बसवलं होतं आणि लिव्हरजवळ कागद चिकटवला होता: शिडावर न्यूट्रल. त्या फेरीचे मित्राने फक्त जाण्यायेण्याचे पैसे घेतले. मी असतो तर तपासणीचेही घेतले असते.